निळा-मुळेचे पाणी आणि मावळची जमीन

सह्याद्रीच्या धारेवर पडणाऱ्या पावसाचे भवितव्य कित्येक ठिकाणी हातभर अंतराने ठरते. ताम्हिणीच्या माथ्यावर जे पाणी धारेच्या पश्चिमेस पडले, ते कड्यावरून कोसळून कोकणात उतरते आणि दिवसभरात अरबी समुद्राच्या खाडीस जाऊन मिळते. जे पूर्वेस पडले, ते मुळा, भीमा आणि कृष्णा अशा एकीहून एक मोठ्या नद्यांच्या आश्रयाने हजाराहून अधिक किलोमीटरांची मजल मारून बंगालच्या उपसागरास पोहोचते. धारेच्या पूर्वेचे पाणी अडवून, डोंगर पोखरून ते पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडावे, आणि त्या पतनातून जी शक्ती निर्माण होईल ती मुंबईच्या गिरण्यांस पुरवावी, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या मुंबईतील एका वास्तुविशारदाने मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती मनावर घेतली. आज ज्यास आपण शाश्वत विद्युत्निर्मिती म्हणतो, जी कोळसा जाळत नाही आणि धूर ओकत नाही, तिचा पश्चिम भारतातील इतिहास या कल्पनेपासून सुरू होतो. आणि त्या इतिहासाचे सर्वांत दुःखद व म्हणूनच सर्वांत विचार करण्याजोगे प्रकरण पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात, म्हणजे आजच्या मुळशी तालुक्यात, घडले.

त्या काळच्या मुंबईचे चित्र डोळ्यांपुढे आणल्यावाचून या कल्पनेचे मोल कळणार नाही. परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांत गिरण्यांची धुराडी एकास एक लागून उभी होती. त्यांच्या बाष्पयंत्रांस लागणारा कोळसा बंगाल-बिहारच्या खाणींतून किंवा थेट परदेशातून येई. त्याचा भाव, त्याची वाहतूक आणि त्याचा तुटवडा या तिन्ही गोष्टी गिरणीमालकांच्या हाताबाहेर होत्या. धुराचा उपद्रव इतका वाढला होता की १९१२ साली मुंबई सरकारास धुराच्या नियंत्रणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. गिरणगावात धुण्याचे कपडे वाळत घालणाऱ्या बाईला आणि खोकल्याने रात्र काढणाऱ्या कामगाराला त्या धुराची ओळख करून देण्याची आवश्यकता नव्हती. पाण्यावर चालणारी वीज या शहरात आली तर ती नफ्याची गोष्ट ठरेलच, पण शहराच्या श्वासाचीही ती गोष्ट होती. आणि या उपक्रमाचे हे पुण्य नाकारणे अन्यायाचे होईल.

जमशेटजी १९०४ साली निवर्तले. त्यांच्यामागे दोराबजी आणि रतनजी या पुत्रांनी योजना तडीस नेली. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. तिचे भांडवल हिंदुस्थानातच उभे राहिले आणि त्यास संस्थानिकांनीही हातभार लावला, ही गोष्ट स्वदेशीच्या त्या काळात लोकांनी अभिमानाने मिरवली. फेब्रुवारी १९११ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यास पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवते येथे तलाव बांधले गेले. आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये, युरोपात महायुद्ध पेटलेले असताना, लॉर्ड विलिंग्डन यांनी खोपोलीचे वीजगृह सुरू केले. तेथून सुमारे सत्तर किलोमीटर तारा ओढून वीज परळला आणली होती. पाठोपाठ आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आणि भिवपुरीचे वीजगृह ही दुसरी योजना आली, ती १९२२ मध्ये पुरी झाली. तिसरी योजना निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमावरची. तिच्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी निघाली.

या यंत्रणेचे कार्य समजून घेण्यास कठीण नाही. घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दीडशे-दोनशे इंच पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने बहुधा कोरडे जातात; म्हणून प्रथम धरण घालून वर्षभराचे पाणी साठवावयाचे. मग ते बोगद्यातून कड्याच्या पश्चिम कडेस आणावयाचे, आणि तेथून जाड पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडावयाचे. तळाशी पोहोचेपर्यंत नळातील पाण्याचा दाब इतका वाढलेला असतो की तोटीतून सुटणारी धार काठीने अडवू पाहिली तर काठी हातातून हिसकावली जाईल. ही धार पेल्टन चक्राच्या परिघावर बसविलेल्या जोडवाट्यांवर आदळते. प्रत्येक वाटीच्या मध्यावर एक धारदार कणा असतो, तो धारेस दुभंगतो आणि दोन्ही बाजूंस वळवून जवळजवळ मागे फेकतो, त्यामुळे पाण्याचा बहुतेक सर्व वेग चक्रात उतरतो आणि पाणी निःसत्त्व होऊन खाली गळते. चक्राच्या आसावर जनित्र बसविलेले असते. या उंचीवरून उतरणारे सुमारे नऊशे लिटर पाणी एक युनिट वीज देते, असा ढोबळ हिशेब मांडता येतो. ज्या घरात आज एक पंखा आणि दोन दिवे रात्रभर चालतात, त्या घरासाठी त्या रात्री मुळशीच्या तलावातून पाण्याचा एक टँकरही जावा लागत नाही. त्याचा काही भाग पुरतो.

हे पाणी साठविण्यासाठी जी जागा लागते, तीच या कथेची गाठ आहे. धरणास अरुंद खिंड आणि तिच्यामागे रुंद, सपाट खोरे हवे असते. सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर अशी सपाट खोरी थोडी, आणि जी आहेत तीच भाताची. मुळशी पेटा हा जुन्या बारा मावळांपैकी पौडखोऱ्याचा प्रदेश. येथील मावळ्यांची नावे शिवाजी महाराजांच्या इतिहासात उमटली, पण त्यांच्या वंशजांच्या हाती विसाव्या शतकाच्या आरंभी उरले होते ते भाताचे खाचर, डोंगरउतारावरील नाचणी-वरीची शेते, आणि गुरे. खाचर हे निसर्गाने दिलेले शेत नव्हे. उताराची जमीन पायरीपायरीने कापून, दगडांच्या ताली रचून, वरच्या शेताचे पाणी खालच्यात शिस्तीने उतरेल असे बांध घालून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने ते तयार होते. उन्हाळ्यात शेताच्या एका कोपऱ्यात पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून राब जाळावयाचा, त्या भाजलेल्या मातीत रोपे तरारून आली की आषाढात गुडघाभर चिखलात वाकून, डोक्यावर इरले घेऊन, सबंध कुटुंबाने आवणी करावयाची, आणि दिवाळीनंतर आंबेमोहोराचा वास साऱ्या आळीभर दरवळावयाचा, असा त्यांच्या वर्षाचा क्रम होता. पंचवीस कोसांवर दुसरी जमीन विकत घेता येईल इतका पैसा हातात पडला तरी हे खाचर त्या पैशात येत नाही, ही गोष्ट मुंबईत बसून नकाशा पाहणाऱ्यास दिसणे शक्य नव्हते.

निळा-मुळेच्या संगमावर धरण झाले म्हणजे पन्नासांहून अधिक खेडी आणि सुमारे अकरा हजार माणसे बाधित होणार होती. त्यांना याची वार्ता कोणत्याही जाहीरनाम्याने मिळाली नाही. मोजणी करणाऱ्यांच्या निशाणांनी आणि शेतात खणलेल्या चाचणीच्या खड्ड्यांनी मिळाली. कंपनीने सरकारकडे जमीन मागितली आणि सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेतला. सार्वजनिक कार्यासाठी खासगी जमीन घेण्याचा अधिकार त्या कायद्याने सरकारास दिला होता. एका खासगी कंपनीची वीज हे सार्वजनिक कार्य होय की नव्हे, हा प्रश्न तेव्हा मामलेदाराच्या दप्तरात कोणी विचारला नाही. तो प्रथम पुण्याच्या सभांत विचारला गेला.

पुण्याचे राजकारण त्या वेळी पोरके होते. ऑगस्ट १९२० मध्ये लोकमान्य टिळक गेले होते. न. चिं. केळकर, शिवरामपंत परांजपे, डॉ. फाटक, शंकरराव देव अशा अनेकांनी मुळशीचा प्रश्न हाती घेतला; ‘केसरी’च्या स्तंभांत तो गाजला. पण या मंडळींपैकी पुष्कळांचे बळ लेखणीत आणि व्यासपीठावर होते. खोऱ्यात जाऊन, गावोगाव फिरून, चावडीत बसून मावळ्यांना संघटित करण्याचे काम प्रामुख्याने विनायकराव भुस्कुटे यांनी केले. पुढे त्यांनीच या लढ्याचा इतिहास लिहिला, आणि तो लिहिला म्हणून आज आपणांस त्या खेड्यांतील माणसांचे आवाज थोडेफार ऐकू येतात. त्यांच्या जोडीस पांडुरंग महादेव बापट आले.

बापटांविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. १८८० साली पारनेर येथे जन्मलेला, डेक्कन कॉलेजात शिकलेला आणि शिष्यवृत्तीवर एडिंबरोस गेलेला हा बुद्धिमान तरुण इंग्लंडात राजद्रोही भाषण केले म्हणून शिष्यवृत्तीस मुकला. पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या शिकला. मायदेशी परतल्यावर अज्ञातवासात राहिला, पकडला गेला, सुटला. अशा माणसाच्या हाती सत्याग्रहाचे नेतृत्व यावे, हा योग विलक्षण खरा. परंतु त्यांच्या अंतःकरणात द्वेषाहून करुणा अधिक होती, याविषयी त्यांच्या समकालीनांत मतभेद नव्हता. ते गावांतील रस्ते झाडीत आणि मावळ्यांत मावळ्यांसारखे राहत. मुळशीनेच त्यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. ती कोणत्याही सैन्याने दिलेली नव्हती; शस्त्र नसलेल्या शेतकऱ्यांनी दिली होती, आणि म्हणून ती आमरण टिकली.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी हजाराहून अधिक मावळे, बायकापोरांसह, धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम करणाऱ्या मजुरांच्या आणि त्यांच्या खोदकामाच्या मध्ये ते बसले. उन्हाळ्याचे दिवस होते, डोंगरात सावली नव्हती, पण ती माणसे उठली नाहीत. त्यांची घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. अशा प्रकारे जमीन बुडू नये म्हणून धरणाविरुद्ध संघटितपणे उभे राहण्याचे उदाहरण जगात त्यापूर्वी सहसा सापडत नाही. पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर जो सखोल ग्रंथ लिहिला, त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावातच त्यांनी यास जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. काम बंद पडले. महात्मा गांधींनीही या लढ्यास आशीर्वाद दिला आणि टाटांच्या थोर घराण्याने आपल्या कायदेशीर हक्कावर अडून न राहता लोकांशी बोलावे, अशा आशयाचे आवाहन आपल्या ‘यंग इंडिया’ या साप्ताहिकातून केले. कंपनीने काही महिन्यांकरिता काम तहकूब ठेवले.

या तहकुबीच्या महिन्यांत जे घडले, ते सत्याग्रहाहून अधिक निर्णायक ठरले. मुळशी पेट्यातील जमिनीचा बराच मोठा भाग कर्जापायी सावकारांकडे गेलेला होता. कागदावर मालक पुण्याचा सावकार, चिखलात राबणारा मावळा, अशी स्थिती अनेक खेड्यांत होती. मोबदल्याचा दर वाढला तर सावकाराचा तोटा कशातच नव्हता. त्याची बुडीत निघालेली बाकी रोकड होऊन हाती येणार होती. मावळ्याच्या वाट्यास मात्र मोबदल्यातून कर्ज वजा जाऊन जे उरेल तेच यावयाचे, आणि कित्येकदा काहीच उरत नसे. पुण्याच्या सभांमध्ये मावळ्यांच्या बाजूने टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी काहींचे हितसंबंध त्याच मावळ्यांच्या गहाणखतांत गुंतलेले होते. हे सांगताना मला आनंद होत नाही. पण मुळशीचा पराभव केवळ इंग्रज सरकारच्या दंडुक्याने किंवा भांडवलदाराच्या पैशाने झाला असे लिहिणे म्हणजे अर्धा इतिहास लिहिणे होय. लढ्यात दोन पक्ष होते असे बाहेरून दिसे. आतून पाहता जमीनधारक आणि जमीन कसणारा असे एकाच पक्षाचे दोन तुकडे झाले होते, आणि मोबदल्याच्या वाटाघाटींनी त्या दोहोंमधील फट रुंदावत नेली.

१९२१ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहही. या वेळी सरकारने धरपकड आरंभिली. नेते तुरुंगात गेले, मावळे गेले, स्त्रियाही गेल्या. ज्या बाईने आयुष्यात पौडच्या बाजारापलीकडचे जग पाहिले नव्हते, तिने प्रथमच पाहिलेले शहर म्हणजे येरवड्याच्या भिंती असाव्या, हे चित्र मनास अस्वस्थ करते. सुटून आलेली माणसे पुन्हा जाऊन बसत आणि पुन्हा पकडली जात. परंतु पुण्याहून येणारे स्वयंसेवक कमी होऊ लागले, असहकाराच्या देशव्यापी चळवळीस १९२२ मध्ये ओहोटी लागली, आणि एकेका गावाने मोबदला स्वीकारल्याच्या बातम्या येऊ लागल्या. गांधीजींनीही पुढे आपला कौल बदलला. बहुसंख्य लोकांनी मोबदला घेतला आहे आणि चळवळीच्या नेत्याचा अहिंसेवर विश्वास नाही, ही कारणे त्यांनी दिली. दोन्ही कारणे वस्तुस्थितीस धरून होती. तथापि ज्या अल्पसंख्यांनी मोबदला नाकारला होता त्यांच्या खाचराची दाद त्या युक्तिवादात कोठेच लागत नव्हती.

बापट मात्र थांबले नाहीत. सत्याग्रहाविषयी त्यांची स्वतःची मीमांसा होती. अंतःकरण शुद्ध असेल तर हाती शस्त्र घेतल्याने सत्याग्रह भ्रष्ट होत नाही, असे ते मानीत आणि त्यास ‘शुद्ध सत्याग्रह’ म्हणत. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामासाठी घातलेल्या लोहमार्गावर दगड रचून गाडी अडविली आणि सशस्त्र प्रतिकार केला. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. १९३१ मध्ये ते सुटले, तेव्हा मुळशीचा तलाव कित्येक पावसाळे भरून झाला होता. या कृत्याने लढ्याचे नैतिक बळ वाढले की घटले, यावर तेव्हापासून वाद आहे. माझ्या मते ते घटले; पण ज्या एकाकीपणातून ते घडले, तो एकाकीपणा त्यांच्यावर ज्यांनी आणला त्यांनी बापटांस दोष देताना चार वेळा विचार करावा.

१९२७ मध्ये मुळशीचे धरण आणि कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यातील भिरा येथील वीजगृह पुरे झाले. दीड किलोमीटरहून अधिक लांब, सुमारे अठ्ठेचाळीस मीटर उंच अशी ती दगडी भिंत; तिच्यामागे सुमारे अठरा टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते काम उत्कृष्ट होते आणि आजही आहे. शंभर वर्षांच्या घरात आलेली ही योजना अद्याप वीज देत आहे, आणि तीस लागणारे इंधन दर आषाढात आकाशातून विनामूल्य येते. टाटांच्या तीन योजनांची वीज मिळू लागल्यावर पुष्कळ गिरण्यांनी बाष्पयंत्रे मोडीत काढली; मुंबईच्या ट्रामगाड्यांना, रस्त्यांवरील दिव्यांना, आणि १९२८ पासून पश्चिम उपनगरांतील लोकलगाड्यांना याच पाण्याच्या जोरावर गती मिळाली. ज्या मुंबईत विसाव्या शतकाच्या मराठी साहित्याचा आणि कामगार चळवळीचा मोठा भाग घडला, ती मुंबई मावळच्या पाण्याने उजळलेली होती. पुढे मुंबईने दादरपासून लोअर परळच्या गिरण्यांच्या वस्तीतून जाणाऱ्या हमरस्त्यास सेनापती बापट मार्ग हे नाव दिले. तेथून रोज जाणाऱ्या लाखो माणसांपैकी किती जणांस या नावाचा आणि आसपासच्या विजेचा संबंध ठाऊक असेल, ते सांगवत नाही.

मावळ्यांचे काय झाले? काही डोंगराच्या वरच्या अंगास सरकले, जेथे पाऊस आहे पण माती नाही. काही पुण्यास गेले, पुष्कळ मुंबईस गेले. सारा भरल्याच्या पावत्या ज्यांच्या ट्रंकेत होत्या त्यांचीही गावे गेली, आणि ज्यांची वहिवाट केवळ तोंडी होती त्यांची तर दप्तरात नोंदही उरली नाही. गेलेल्या जमिनीबद्दल जमीन, गावठाणाबद्दल गावठाण, कसणाऱ्या कुळास स्वतंत्र हक्क, यांतील कशाचीही हमी १८९४ च्या कायद्यात नव्हती. स्वातंत्र्यानंतर कोयनेचे धरण बांधले गेले तेव्हा तीच विस्थापनाची कहाणी अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. आणि प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य आहे असे मान्य करणारा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य होते, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तिच्या मागे रामनवमीच्या त्या दिवसापासूनची पंचावन्न वर्षे आहेत, हेही सांगितले पाहिजे.

या लांबलेल्या वृत्तान्ताचा आजच्या मुळशीशी संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. मुळशी तालुका आता आयटीच्या इमारतींचा, पिरंगुटच्या कारखान्यांचा आणि लवळ्याच्या विद्यापीठांचा तालुका झाला आहे. लवळे येथे सिंबायोसिस विद्यापीठाचे नॅनोविज्ञानाचे केंद्र आहे, जेथे पदार्थांची रचना अतिसूक्ष्म प्रमाणावर बदलून ऊर्जा आणि पर्यावरण यांच्यासाठी उपयोगी द्रव्ये घडविण्याचे संशोधन होते. उरवडे येथे प्राज कंपनीचे संशोधन केंद्र आहे. शेतातील टाकाऊ काडीकचऱ्यापासून इथेनॉल कसे मिळवावे, हा तेथील एक प्रमुख विषय. भाताच्या पेंढ्यात सेल्युलोज असते, पण ते लिग्निनच्या चिवट वेष्टणात बंदिस्त असते. प्रथम आम्ल आणि वाफ यांनी ते वेष्टण सैल करावयाचे, मग विकरांनी सेल्युलोजची साखर करावयाची, आणि मग किण्व घालून तिचा मद्यार्क करावयाचा. उरलेले लिग्निन जाळून कारखान्यास लागणारी वाफ आणि वीज मिळविता येते. या तंत्रावर उभारलेला हरियाणातील पानिपतचा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रास अर्पण झाला. वर्षास सुमारे दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्याची त्याची क्षमता आहे. ज्या तालुक्यातील भातखाचरे विजेसाठी पाण्याखाली गेली, त्याच तालुक्यात भाताच्या काडीतून ऊर्जा काढण्याची विद्या सिद्ध व्हावी, याकडे मी निव्वळ योगायोग म्हणून पाहू शकत नाही. या दुसऱ्या मार्गात शेतकऱ्यास जमीन सोडावी लागत नाही. त्याने पूर्वी जाळून टाकलेल्या वस्तूचे त्यास दाम मिळू शकते. संशोधनाचे मोल मोजताना कार्यक्षमतेच्या टक्केवारीबरोबर हेही मोजले गेले पाहिजे.

भिऱ्यासही नवी विद्या आली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथे १५० मेगावॉटचा उदंचन संच बसविण्यात आला. वीज मुबलक असते तेव्हा तो खालचे पाणी पुन्हा वर मुळशीच्या तलावात चढवितो आणि मागणी वाढली की तेच पाणी उतरवून वीज परत देतो. या चढउतारात सुमारे पाव हिस्सा वीज खर्ची पडते, तरीही तो व्यवहार फायद्याचा ठरतो; कारण सूर्याची वीज दुपारी उदंड आणि संध्याकाळी शून्य, व वाऱ्याची केव्हा येईल ती खरी, अशा स्थितीत पाण्याचा तलाव हीच सर्वांत मोठी आणि सर्वांत स्वस्त बॅटरी होय. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात शिरवते येथे १८०० मेगावॉटचा आणि भिवपुरी येथे १००० मेगावॉटचा असे दोन उदंचन प्रकल्प उभारण्याचा करार झाला. ज्या दोन योजनांनी मुळशीची वाट दाखविली, तेथेच हे नवे काम होत आहे. अस्तित्वात असलेल्या तलावांचा उपयोग करता येतो हे त्याचे बलस्थान आहे, आणि जेथे जेथे नवी जमीन लागेल तेथे मोजणीची निशाणे रोवण्यापूर्वी ग्रामसभेत बसून कागद उघडे करणे, हे किमान कर्तव्य आहे.

पाण्याचा तंटाही मिटलेला नाही. पूर्वेचे पाणी पश्चिमेस नेल्यामुळे भीमेच्या खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांचा वाटा गेला, अशी तक्रार जुनी आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने, ज्यास आपण बच्छावत लवाद म्हणतो, टाटांच्या वीजप्रकल्पांसाठी वळवावयाच्या पाण्यास कोणत्याही एका वर्षी ५४.५ टीएमसी आणि कोणत्याही लागोपाठच्या पाच वर्षांत २१२ टीएमसी अशी मर्यादा घातली. हे पाणी पुण्याच्या वाढत्या तहानेस आणि सोलापूरच्या शेतीस द्यावे, अशी मागणी विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत वारंवार उठते. नऊशे लिटरांस एक युनिट या आधीच्या हिशेबाने पाहिले, तर लवादाच्या सरासरीप्रमाणे वर्षास वळणाऱ्या बेचाळीस टीएमसींच्या पाण्यातून सुमारे १३० ते १४० कोटी युनिट वीज निघते. उद्या ते पाणी पूर्वेस सोडण्याचे ठरले तर एवढी निर्धूर वीज दुसरीकडून आणावी लागेल. सौरपट्ट्यांतून, पेंढ्यातून, साठवणुकीच्या नव्या द्रव्यांतून, जेथून मिळेल तेथून. उरवड्याच्या आणि लवळ्याच्या प्रयोगशाळांतील काम त्या दिवसापर्यंत किती पुढे गेलेले असेल, त्यावर सोलापूरच्या शेतकऱ्यास काय उत्तर मिळेल हे पुष्कळसे अवलंबून आहे.